चार मिनिटांचा नगारा

दिग्रसच्या ज्या गोदामात नाटक व्हायचं होतं, तिथून सरकी जाऊन सहा वर्षं झाली होती, पण तिचा वास काही जायला तयार नव्हता. दुपारी चारला पद्मजाताई विंगेत खुर्ची टाकून बसल्या. प्रॉम्प्टर त्याच. कोर्टात तीस वर्षं टायपिंग केलेल्या बाईला कागदावर असेल तेवढंच खरं वाटतं, आणि आज तर कागदाबाहेरचा एक शब्द चालणार नव्हता. परवानगी देणाऱ्या कचेरीचा माणूस मांडीवर संहिता घेऊन पहिल्या रांगेत बसला होता.

नाटक त्यांच्या वडिलांचं, श्रीकृष्णरावांचं. आणीबाणीत त्यांनी ते बसवलं. संहिता तपासून परत आली, तेव्हा जुलमी राजाच्या दवंडीवाल्याचं शेवटचं भाषण काळ्या शाईने बुजवलेलं होतं. श्रीकृष्णराव पक्के बेरकी. त्यांनी दवंडीवाल्याला तोंड मिटून उभं केलं आणि भाषणाला लागला असता तितका वेळ नगारा वाजवायला लावला. तिसऱ्या प्रयोगानंतर त्यांना उचललं. सुटून आले ते दुखणं घेऊनच, आणि वर्षाच्या आत गेले. ताई तेव्हा सहा वर्षांच्या. बापाचं ते भाषण एकदा ऐकावं, एवढीच आस त्यांनी जन्मभर जपली होती. ते ठाऊक असलेलं आता कोणी उरलं नव्हतं.

उरला होता फक्त तांड्यावरचा नगारेवाला धनसिंग. तालमीत ताईंनी त्याला खोदून खोदून विचारलं होतं.

"मले शब्द नाही सांगतले कोनी, बाई," म्हातारा म्हणाला. "कापलं तितकं वाजव म्हने. चार मिनिटं. हात नाही इसरला अजून."

शेवटचा प्रवेश आला. दवंडीवाला झालेला अनिकेत, ताईंचा भाचा, मधोमध तोंड मिटून उभा राहिला. धनसिंगने काठ्या उचलल्या. ताईंसमोर कोरं पान होतं.

दुसऱ्या मिनिटाला लोक हसले.

ताईंनी मान वर केली. अनिकेतचं तोंड मिटलेलंच होतं. पुन्हा हशा झाला. मग प्रेक्षकांत पुढे बसलेल्या शेजारीण बेबीताई पदराने डोळे पुसायला लागल्या. कचेरीचा माणूस भराभर पानं उलटत होता.

ताईंना नुसता नगारा ऐकू येत होता.

पडदा पडताच तो माणूस आत आला. "हे भाषण संहितेत नव्हतं."

"कोणतं भाषण?"

त्याने संहिता मिटली. "बाई, तुम्हीच तर बोलत होता."

ताईंनी अनिकेतचा दंड धरला. "काय बोलले रे मी? सांग ना!"

अनिकेतने त्या माणसाकडे पाहिलं. "मी नाही ऐकलं काही, मावशी."

"मले कमीच आयकू येते वो," विंगेपाशी आलेल्या बेबीताई म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या. धनसिंग नगाऱ्यावर फडकं बांधत होता. त्याने मान वर केली नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं, पण कोणी ताकास तूर लागू देईना. ताईंना संताप आला, आणि त्याहून जास्त रडू आलं.

गोदाम रिकामं झाल्यावर अनिकेतने गुपचूप आपला मोबाईल त्यांच्या हातात ठेवला. कोणीतरी प्रयोगाचं शूटिंग केलं होतं. नगारा होता, हशा होता. कोपऱ्यात विंग, खुर्ची आणि खुर्चीत त्या. ओठ संथपणे हलत होते. चार मिनिटं. त्यांचा आवाज मात्र नव्हता.

त्यांनी तीनदा पाहिलं. एक शब्द कळला नाही.

फोन बंद करून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

बोटांखाली ओठ अजून हलत होते.