भाजावळीची नोंद

रेहेमाने चुलीत तीन लाकडे सारली, काडीपेटी हातात घेतली आणि अंगणातल्या खांबाकडे तोंड करून म्हणाली, "स्वयंपाक. मक्याची उकड आणि पालेभाजी. अर्धा तास."

खांबाच्या टोकावरचा पिवळा दिवा हिरवा झाला. मग तिने काडी ओढली.

भास्कर वालावलकर पडवीतल्या बाकावर बसून हे पाहत होते. अडतीस वर्षांपूर्वी टांझानियातल्या या लुकोंबे गावात ते वनस्पतिशास्त्राचे संशोधक म्हणून तीन वर्षे राहिले होते. तेव्हा चूल पेटवायला कुणाला विचारावे लागत नसे. रेहेमा तेव्हा वीस वर्षांची होती. आता तिचे केसही पांढरे झाले होते.

"सांगायचं राहून गेलं तर?" त्यांनी विचारले.

"चार मिनिटांत ड्रोन येतात आणि ओली पूड टाकतात. माझ्या भाचीच्या लग्नात आचारी सांगायला विसरला. अख्खा बकरा पांढराफटक. पाहुण्यांना वाटलं, शहरातली नवी पद्धत असेल. दोघातिघांनी तर वाखाणून खाल्ला."

भास्करराव हसले.

गावकरी त्या खांबाला नुसते 'नाक' म्हणत. हवेतल्या धूरकणांवरून काय जळते आहे आणि किती लांब, हे त्याला कळे. असे शेकडो खांब त्या पठारावर उभे होते. गेल्या बारा वर्षांत लुकोंबेच्या रानात पेटलेली एकही आग टिकली नव्हती, आणि दुखणे नेमके तेच होते. न जळलेले गवत साठत गेले होते. ते आता रेहेमाच्या डोक्याच्या वर वाढले होते, आणि खाली मेलेल्या पात्यांची गुडघाभर गादी होती. गेल्या सप्टेंबरात, तिकडच्या कोरड्या ऋतूत, वारा सुटल्यावर, शेजारच्या खोऱ्यात विजेच्या तारेची एक ठिणगी पडली. ड्रोन वेळेवर आले, पण ज्वाळा झाडांच्या शेंड्यांवर होत्या, पूड खाली पोहोचलीच नाही. दोन वस्त्या गेल्या. तिथले नाकही वितळले.

"आईसारखं पाऊस सरल्या सरल्या, जूनमध्येच थोडंथोडं जाळलं असतं, तर हे झालं नसतं," रेहेमाने दोन महिन्यांपूर्वी भास्कररावांना कुडाळला निरोप पाठवला होता. "पण नाकाला ते पटत नाही. ते तुमच्या वहीवरून शिकलंय म्हणे."

ते खरे होते. त्या पठाराची इतकी जुनी आणि तपशीलवार आगींची नोंद दुसऱ्या कुणाकडे नव्हती. भास्कररावांच्या वहीतल्या छापील तक्त्यात एक रकाना आगीचा होता आणि एक नुकसानीचा. जमीन काळी दिसली की ते दोन्हींत खूण करत. यंत्राने साडेतीनशे नोंदी वाचल्या आणि एक गोष्ट पक्की केली, की आग म्हणजे नुकसान. आग नियंत्रण कार्यालयाने कळवले होते, की नोंदी बदलायच्या तर त्या ज्याने केल्या त्यानेच, त्याच जागी येऊन, एकेक करून बदलाव्यात.

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून तीन डायऱ्या काढल्या. तक्ते त्यांनी कार्यालयासाठी भरले होते. डायरी स्वतःसाठी होती, मराठीत. कोकणात रोपांसाठी भात पेरण्याआधी त्यांचे वडील जमिनीवर कवळाच्या, म्हणजे तोडून वाळवलेल्या, फांद्या, पाला आणि वर माती पसरून ती भाजत. बांधाबाहेर ठिणगी जाऊ नये म्हणून हातात हिरवी फांदी घेऊन कडेने फिरत. ती भाजावळ. आणि डोंगराला लागे तो वणवा. ही दोन्ही नावे इतकी अंगवळणी पडलेली, की डायरीत ती आपोआप उतरली होती. तक्त्यात मात्र त्यांना जागा नव्हती, आणि जागा करून मागण्याचे धैर्य भास्कररावांकडे नव्हते.

"नोंद पहिली," खांब म्हणाला. "चार जून. बदल?"

"भाजावळ," असे मराठीतच म्हणून ते ओशाळले. "म्हणजे थंड आग. पहाटे दव असताना झैनाबूंनी, रेहेमाच्या आईंनी, लावलेली. दुपारपर्यंत आपली आपण विझली."

"खात्री आहे की नाही?"

भास्कररावांनी आयुष्यभर प्रत्येक वाक्यात 'बहुधा' घातले होते. निबंधांत घातले, मुलीच्या लग्नाच्या बोलणीतही घातले.

"बहुधा..."

"बहुधा चालत नाही त्याला," रेहेमा शेंगा सोलता सोलता म्हणाली. "आई म्हणायची, हा माणूस पाऊस अंगावर पडला तरी आधी आभाळाला विचारेल."

"आहे," ते म्हणाले.

मग एकेक पान उलटत गेले. पानांबरोबर झैनाबू परत येत गेली. तिकडे आईला 'मामा' म्हणतात. भास्कररावांनी घरी पत्रात लिहिले होते, 'मामांच्या मागोमाग रोज रान फिरतो', आणि त्यांच्या आईला हायसे वाटले होते, की परमुलखात कुणी वडीलधारा गृहस्थ भेटला. बुटकी झैनाबू पहाटे रानात जाई, मूठभर गवत कानाशी धरून चुरगाळी, आणि कधी काडी ओढी, कधी काही न बोलता परत फिरे. ते मागे वही घेऊन उभे. काय ऐकलंत, हे विचारावे असे रोज वाटे. उद्या विचारू, म्हणत तीन वर्षे गेली. आता तिला जाऊन वीस वर्षे झाली होती.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागले तेव्हा खांब म्हणाला, "एकच नोंद उरली. ही थंड ठरली, तर उद्या पहाटे ओढ्याकाठचा पट्टा जाळायला परवानगी देता येईल. एकोणीस जून. बदल?"

भास्कररावांनी पान उघडले. तिथे 'वणवा' लिहून खोडले होते आणि वर 'भाजावळ' लिहिले होते. ते पान त्यांना पाठ होते. आग झैनाबूनेच लावली होती. दहाच्या सुमारास वारा फिरला, आग ओढा ओलांडून गेली आणि रेहेमाच्या वडिलांची झाडांवर टांगलेल्या चाळीस मधपेट्या जळाल्या. 'वणवा' हा शब्द त्यांनी झैनाबूवर ठपका नको म्हणून खोडला होता.

एक शब्द बोलायचा, की झाले. गवत अजून आठवडाभरच ओलसर राहणार होते. त्यानंतर काडी लावणे म्हणजे वणव्याला बोलावणे.

त्यांनी रेहेमाकडे पाहिले. तिने शेंगांची टोपली बाजूला ठेवली.

"तुम्ही काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही," ती म्हणाली. "पण त्या दिवशी मीही तिथे होते. त्याला खोटं शिकवू नका. एकदा शिकवलंत तेवढं पुरे."

भास्कररावांनी डायरी मिटली. "लावली तेव्हा भाजावळ होती," ते म्हणाले. "नंतर वणवा झाला. खात्री आहे."

दिवा पिवळाच राहिला. अंगणातली कोंबडी खांबाच्या बुडाशी माती उकरत होती. आपण पुन्हा सगळे बिघडवले, असे भास्कररावांना वाटू लागले.

"या नोंदीत दोन्ही शब्द आहेत," खांब अखेर म्हणाला. "अशी नोंद मला आजवर मिळाली नव्हती. थंड आग कोणत्या दिवशी थंड राहील, हे झैनाबू कशावरून ओळखत?"

हाच तो प्रश्न. तो विचारायला भास्कररावांकडे तीन वर्षे होती.

रेहेमा उठली. कुंपणापलीकडून तिने मूठभर गवत उपटले, खांबापाशी आली, आणि मूठ त्याच्याजवळ नेऊन हळूच चुरगाळली.

"ऐक," ती म्हणाली. "हे आजचं, उन्हाने कडक झालेलं. उद्या पहाटेचं, दवाने मऊ झालेलं, पुन्हा ऐकवेन."

भास्कररावांनी डायरीचे कोरे पान काढले. मग पेन खाली ठेवून तेही जवळ गेले आणि कान पुढे केला. कर्र असा आवाज झाला, की तो नुसता त्यांना हवा होता म्हणून ऐकू आला?