विरघळलं का?

ही गोष्ट खरी आहे.

आमच्या गल्लीत मी थापाड्या म्हणून प्रसिद्ध आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण थाप मारायची असती तर मी चांगली मारली असती. हिच्यात तर भूत धड दिसतसुद्धा नाही.

शिवाय ही रात्रीची गोष्ट नाही. दुपारची आहे. आमच्या बारांकिया शहरात रात्री भुतांना जागाच मिळत नाही, माणसंच इतकी जागी असतात. दुपारी जेवणं झाली की मात्र शहर मेल्यासारखं पडतं.

त्या वेळी घरात जे हालतं...

ते बहुधा माणूस नसतं.

मला दोन बहिणी. थोरली बेत्साबे, धाकटी एलोइना. दोघींची घरं पाठीला पाठ लावून, मध्ये एकच अंगण. अंगणाच्या कडेला माझी खोली. दोन्ही घरांतली भांडणं मला तिकीट न काढता ऐकू येतात.

दोघींना एकेक मुलगा. बेत्साबेचा आन्सेल्मो, एलोइनाचा विल्फ्रिदो. आणि दोघांनाही आमच्या आईकडून आलेला एकच आजार. रक्त गोठत नाही. हिमोफिलिया. तुम्हाआम्हाला ठेच लागली तर आपण शिवी देऊन पुढे जातो. या पोरांना ठेच लागली की घर आधी फ्रिजकडे धावतं.

कारण औषध फ्रिजमध्ये असतं. काचेची छोटी बाटली, तळाशी पांढरी भुकटी. तिच्यात पाणी सोडायचं आणि बाटली दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची. गदागदा हलवायची नाही, फेस येतो. भुकटी पूर्ण विरघळली, पाणी नितळ झालं, की शिरेतून द्यायचं.

आन्सेल्मो आपली बाटली स्वतः फिरवायचा. बोटात पोलादाची अंगठी. प्रत्येक फेऱ्याला ती काचेवर वाजायची.

सर्र... सर्र... टिक.

सगळ्या बाटल्या बेत्साबेच्या फ्रिजमध्ये, दोघांच्या मिळून. नियम एकच होता. शेवटची बाटली अंड्यांच्या मागे ठेवायची. डोक्याला मार लागला किंवा पोटात रक्त उतरलं, तरच तिला हात लावायचा. आणि तोही दोन्ही घरांना सांगून. बायबलमधले दहा नियम आमच्या घरात कुणी धड पाळले नाहीत. हा एक मात्र पाळला.

असं आम्हाला वाटत होतं.

त्या वर्षी कार्निवलच्या शनिवारी विल्फ्रिदो पहिल्यांदा आमच्या गल्लीच्या नाचात मृत्यूचं सोंग घेणार होता. अंगावर रंगवलेली हाडं, हातात लाकडी विळा. त्याचा बापही हयातभर मृत्यूच नाचला, त्यामुळे एलोइनाचा जीव त्या नाचात अडकलेला. आणि नेमका त्याच आठवड्यात पोराचा गुडघा सुजला होता.

आन्सेल्मो त्याला चिडवत होता, "लंगड्या मृत्यूला कोण घाबरणार? लोक तुला बसायला खुर्ची देतील."

पण शनिवारी सकाळी विल्फ्रिदो सरळ चालत आला. आईच्या हातात जादू आहे म्हणाला. आम्ही मान डोलावली.

दुपारी मिरवणूक ऐन रंगात होती. आमच्याकडे त्या दिवशी एकमेकांना मक्याचं पांढरं पीठ फासतात. माझ्या मिश्या, कान, शर्ट... सगळं पांढरं. कुणीतरी पिचकारीने फेस उडवला. आन्सेल्मोचा पाय घसरला. डोकं फूटपाथच्या कडेवर आपटलं.

तो हसतच उठला. "मामा, नगरपालिकेने यंदा फूटपाथ बरा कडक केलाय."

आम्ही कुणीच हसलो नाही. डोकं होतं ते.

बेत्साबे घरात धावली. अंड्यांमागची, तेवढीच उरलेली बाटली काढली, पाणी सोडलं, फिरवायला लागली.

पाणी पांढरं झालं.

ती फिरवत राहिली. पाणी दुधासारखं पांढरंच. लहान मुलाला घास भरवावा तशी ती बाटलीला समजावत होती, "विरघळ ना. विरघळ ना रे."

मी बाटली घेतली आणि खिडकीशी धरली. तळाशी पांढरा, घट्ट गाळ बसत होता. झाकणाचं पत्र्याचं कडं कुणीतरी उचकटून पुन्हा दाबलेलं.

तो पांढरा रंग मी ओळखला. तो माझ्या मिशीवर होता.

रस्ते मिरवणुकीने बंद. आम्ही आन्सेल्मोला खुर्चीत बसवलं आणि गर्दीतून उचलून निघालो. तोवर त्याची मान कलली होती. मागे बेत्साबे आक्रोश करत.

आता आमच्या शहराची रीत ऐका. कार्निवलच्या शेवटच्या दिवशी, मंगळवारी, कार्निवलच मेला असं समजून त्याची खोटी प्रेतयात्रा काढतात. एक जण मेल्याचं सोंग घेतो, बाकीचे विधवा होऊन रडतात. लोकांना वाटलं, आम्ही तेच करतोय.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई ओरडली, "अगं विधवे, मंगळवारी रड. आज शनिवार आहे."

तेवढ्यात विल्फ्रिदोने आम्हाला पाहिलं. विळा फेकून त्याने खुर्चीचा एक पाय खांद्यावर घेतला. मृत्यू स्वतः खांदा देतोय म्हटल्यावर लोक वेडेच झाले. आन्सेल्मोच्या डोक्यावर त्यांनी पिठाच्या मुठी उधळल्या.

इस्पितळात त्यांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. उशीर आमच्याकडून झाला होता.

संध्याकाळच्या आत आन्सेल्मो गेला. अंगठी त्याच्याबरोबरच पुरली.

बाटलीत पीठ कुणी भरलं? गल्लीने निकाल दिला... विल्फ्रिदोने. कोण नाचलं? कुणाचा गुडघा रातोरात बरा झाला? तो शपथेवर सांगत होता की मावशीच्या फ्रिजला मी हात लावला नाही. कुणी ऐकलं नाही. एलोइना सगळ्यांत मोठ्याने रडत होती, मुलाच्या बाजूने मात्र एक शब्द बोलत नव्हती. नव्या बाटल्या आल्या त्या तिने गुपचूप आपल्या घरी नेल्या.

बेत्साबेने घरातलं पीठ फेकून दिलं. डबासुद्धा फेकला.

मग एका दुपारी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "दादा, जरा येऊन बस माझ्या स्वयंपाकघरात. मला वेड लागलंय का ते सांग."

मी जाऊन बसलो. गल्ली झोपलेली. फ्रिजची घरघर चालू होती.

मग ती थांबली.

दिवे होते. पंखा फिरत होता. फक्त फ्रिज गप्प झाला, कुणीतरी दार उघडून समोर उभं राहावं तसा. पण दार बंद होतं.

आणि मग...

सर्र... सर्र... टिक.

सर्र... सर्र... टिक.

बेत्साबे माझ्याकडे बघत होती. मी थापाड्या माणूस, पण त्या वेळी एक थाप सुचेल तर शपथ.

आवाज थांबला. फ्रिज पुन्हा घरघरला. त्याच्या दारावर पांढऱ्या पंजाचा ठसा होता. एका बोटाच्या मुळाशी बारीक रेघ कोरी सुटलेली.

अंगठीपुरती.

ऑगस्टमध्ये विल्फ्रिदो न्हाणीघरात पडला. मांडीच्या आत, पोटाच्या खाली रक्त साठत गेलं. वेदनेने तो ओठ चावत होता. एलोइनाने नवी, सीलबंद बाटली काढली, पाणी सोडलं, फिरवली.

पाणी दुधासारखं पांढरं झालं.

दुसरी काढली. तीही पांढरी.

ती अंगणातून धावत आली. कार्निवलनंतर पहिल्यांदाच तिने थोरलीच्या उंबऱ्यात पाय ठेवला. म्हणाली, "ताई, बाटल्या खराब आल्यात गं. एकच उरलीय. माझ्या हातून होईना. तू कर."

बेत्साबे लगेच उठली. गेली. शेवटची बाटली घेतली, पाणी सोडलं, तळव्यांत फिरवायला लागली.

सर्र... सर्र... टिक.

बेत्साबेच्या बोटात अंगठी नाही. नवरा गेला तेव्हाच तिने ती काढली होती. मी तिच्या हातांकडेच बघत होतो.

टिक.

पाणी नितळ झालं. विहिरीच्या पाण्यासारखं.

तिने शीर शोधली, औषध दिलं, कापूस दाबून धरला. विल्फ्रिदो मेजावरच्या त्या दोन पांढऱ्या बाटल्यांकडे बघत होता. मग आईकडे न बघता त्याने विचारलं, "आई, त्या शनिवारची बाटली तू कुठून आणली होतीस?"

एलोइना मेजावरच्या बाटल्या गोळा करायला लागली.

"मावशीला सांगू नको म्हणालीस. एकच मिळाली, तिला वाईट वाटेल म्हणालीस. मी नाही सांगितलं. सगळी गल्ली माझ्या तोंडावर थुंकली तरी नाही सांगितलं. कुठून आणली होतीस?"

एलोइना भिंतीला टेकली. हळूच म्हणाली, "बुधवारी नव्या येणारच होत्या. चार दिवसांचा तर प्रश्न होता, ताई. रिकामी दिसू नये म्हणून..."



बेत्साबेने कापूस उचलून पाहिला. रक्त थांबलं होतं. मग तिने मान वर केली.

"एलो, मागितली असतीस तर मी दिली असती."

बस्स, एवढंच. ती आपल्या घरी गेली आणि अंगणाकडचं दार लावून घेतलं.

विल्फ्रिदो वाचला. तो आता मावशीकडेच राहतो, आणि त्याचं औषध तीच करते. एलोइनाच्या हातात प्रत्येक बाटली पांढरी होते. मी स्वतः करून बघितलं आहे, माझ्या हातात होत नाही. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझंच रक्त तपासायला घेतलं.

दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत. पण रोज दुपारी, तो आवाज सुरू झाला की एलोइना अंगणात येऊन त्या बंद दारापाशी उभी राहते. उन्हात. आवाज थांबला की विचारते,

"ताई, विरघळलं का?"

आतून उत्तर येतं, "नाही."

मग ती परत जाते. मला वाटायचं, चला, एवढं तरी बोलणं उरलंय.

परवा दुपारी पुन्हा तसंच झालं. एलोइना आली. आवाज थांबला. तिने विचारलं. आतून उत्तर आलं, जरा घोगरं, दमलेलं.

"नाही."

एलोइना मान खाली घालून निघून गेली.

मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार? विल्फ्रिदो त्या वेळी कामावर होता. आणि बेत्साबे माझ्या खोलीत, माझ्यासमोर बसली होती.

तिच्या हातातला कॉफीचा कप तसाच अधांतरी राहिला होता...

आणि ती अंगणापलीकडच्या आपल्या बंद दाराकडे बघून हसत होती.