एकांड्याच्या पाठीवर

मिरजेच्या चलनविज्ञान प्रयोगशाळेत सकाळी नऊपासून चालण्याचा सराव सुरू होई. कोणी नवा कृत्रिम पाय बसवून आलेलं असे, कोणी पक्षाघातातून उठलेलं. पांढऱ्या पट्टीवरून दहा पावलं चालायचं, आणि छतावरचे कॅमेरे ती पावलं टिपून घ्यायचे. त्या दिवशी रांगेत सगळ्यात शेवटी बसलेल्या ऋचा बनसोडेचे दोन्ही पाय मात्र धडधाकट होते. तिचा पेशंट लॅपटॉपमध्ये होता आणि त्याची उंची पडद्यावरचे फक्त बत्तीस ठिपके होती.

डॉ. फरझाना मुजावरांनी पडद्यावर नजर टाकली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, हा तर एकांडा!"

"तुम्ही खेळलाय, मॅडम?"

"कॉलेजात असताना. मिठाच्या वाळवंटापुढे कधी गेले नाही मी. तिथे दर वेळी मरायचे."

'एकांडा' हा १९९५ साली पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने काढलेला संगणकावरचा खेळ. सगळं सैन्य कापलं गेल्यावर उरलेला एकटा सैनिक वाळवंट, खिंडी, पडके पूल ओलांडत घराकडे निघतो, एवढीच गोष्ट. पण त्याची चाल! त्या काळी खेळांतली माणसं चार-सहा चित्रांवर फडफडत पळायची. एकांड्याच्या धावण्या-उडण्याला दोनशे बारा चित्रं होती. तो डावीकडे किंचित झुकून, जरासा लंगडत धावे आणि त्याच्या पाठीवर एक करडा उंचवटा असे. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत त्याला दारूगोळ्याची पेटी म्हटलं होतं. आता २०३५ उजाडलं, तरी त्याचे चाहते जगभर होते आणि त्या लंगडण्यावरून अजून वाद घालत होते.

ऋचा त्या चाहत्यांमधली सगळ्यात नावाजलेली चित्रकार. जुन्या खेळांमधल्या गोजिरवाण्या पात्रांना ती खऱ्या, रापलेल्या माणसांसारखी रंगवायची. तिच्या चाहतेचित्रांची मालिका होती, 'खेळ संपल्यावर'. एका खेळातला टपोऱ्या डोळ्यांचा बेडूकराजा तिने गालफडं बसलेला, उपाशी म्हातारा म्हणून काढला होता. हसऱ्या मोटारशर्यतवाल्याचे कान जळालेले होते आणि हातांना कंप होता. लोक ती चित्रं पाहून हादरायचे आणि पुन्हा पुन्हा पाहायचे. आता पुण्यात खेळसंग्रहालय उघडणार होतं आणि त्याच्या मुख्य भिंतीवर वीस फुटी एकांडा रंगवायचं काम तिला मिळालं होतं. उद्घाटनाला नऊ दिवस उरले होते.

"चित्र जवळजवळ झालंय," ती म्हणाली. "धूळ, रक्त, फाटका कोट, सगळं आहे. डाव्या मांडीवर एक मोठी जखमही काढलीय. पण ती नेमकी कुठे असेल, स्नायू किती तुटला असेल, ते मला माहीत नाही. उगाच कल्पनेने नको वाटतं. तुम्ही चालीवरून शरीर ओळखता ना?"

"ओळखतो. आम्ही त्याला देहशोध म्हणतो." फरझानांनी खुर्ची पुढे ओढली. "कसं आहे, शरीर माहीत असेल तर ते कसं चालेल हे गणिताने काढता येतं. हाडांची लांबी, वजन, कुठला सांधा आखडलाय, एवढं पुरतं. देहशोध तेच गणित उलट्या बाजूने सोडवतो. चाल घ्यायची आणि विचारायचं, की असं चालायला शरीर कसं असावं लागेल? अपघातात पाय गेलेल्या माणसाचा लग्नातला जुना व्हिडिओ असला तरी त्यावरून त्याचा मूळचा पाय कसा होता ते आम्हाला कळतं."

"पण हा खरा माणूस नाही. चित्र आहे."

"नुसतं मनाने काढलेलं चित्र असेल तर गणित लगेच कोलमडेल. वजन हवेत नाहीसं होईल, पाय जमिनीवर घसरेल. मग मी तुला हात हलवत परत पाठवीन. आण इकडे."

गणित कोलमडलं नाही. तासाभरात फरझानांनी ऋचाला आत बोलावलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती, पण डोळे मात्र हसत होते.

"पहिली गोष्ट. हा खराखुरा माणूस आहे. कोणाचं तरी चित्रीकरण करून त्यावरून एकेक चित्र गिरवलेलं आहे, सेकंदाला पंचवीस. पुरुष, तीस-बत्तीस वर्षांचा, पाच फूट सात इंच, वजन साठच्या आसपास. दुसरी गोष्ट. त्याच्या डाव्या मांडीला काहीही झालेलं नाही."

"मग लंगडतो का?"

"पाठीवरच्या ओझ्यामुळे. ते साडेतेरा किलो आहे आणि सारखं डाव्या खांद्याकडे सरकतंय. पण दारूगोळ्याची पेटी अशी सरकत नाही, ऋचा. पेटी धक्का बसल्यावर हलते. हे ओझं धक्का नसतानाही हलतंय. आपणहून."

ऋचा पडद्याकडे बघत राहिली. फरझानांनी करड्या उंचवट्याच्या खालचे दोन ठिपके मोठे करून दाखवले. "हे बघ. हे लोंबतायत आणि झोके घेतायत. दर एकोणीस चित्रांमागे एक झोका. लंबकाची लांबी झोक्याच्या वेळेवरून निघते, शाळेत शिकलो आपण. हा लंबक जेमतेम एक वीत आहे. गुडघ्यापासून टाचेपर्यंत एक वीत."

"मूल," ऋचा म्हणाली.

"अडीच-तीन वर्षांचं. बापाच्या डाव्या खांद्यावरून पुढे काय चाललंय ते वाकून बघणारं."

ऋचाला आधी हसू फुटलं आणि मग पुण्यातली वीस फुटांची भिंत डोळ्यांपुढे आली. तीन महिने ती एका अशा माणसाला रंगवत होती, ज्याचं जगात कोणी उरलं नव्हतं.

खेळाच्या शेवटी बारीक अक्षरांत एकच नाव होतं, वि. कारखानीस. संग्रहालयाने उद्घाटनाचं निमंत्रण धाडलं होतं, उत्तर आलं नव्हतं. ऋचाने पत्ता मिळवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती व फरझाना चिपळूणला पोचल्या. खाली 'डॉ. जुई कारखानीस, दंतवैद्य' अशी पाटी आणि वर घर. विश्वास कारखानीस एकाहत्तर वर्षांचे होते, शिडशिडीत, बनियनवर उपरणं टाकलेले. एकांड्याचं नाव काढताच त्यांनी हात जोडले.

"मुलाखत वगैरे नको हो. फार जुनं झालं ते."

"काका, एकच विचारायचंय," ऋचा म्हणाली. "त्याच्या पाठीवर कोण होतं?"

कारखानीस खाली बसले आणि त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "चाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नाही," ते म्हणाले. "सगळे विचारतात, पाठीवर काय होतं."

त्यांनी जिन्यातून हाक मारली. "जुई! ए जुई! पेशंट असेल तर थांबव त्याला जरा!"

जुई हातमोजे काढतच वर आली. त्रेचाळीस वर्षांची, भरदार आवाजाची बाई. "काय झालं, बाबा? पडलास का?"

"बस. तुला एक सांगायचं राहून गेलंय."

त्यांनी सांगितलं. लग्नांचं चित्रीकरण करणाऱ्या मित्राकडून त्यांनी एका रविवारी कॅमेरा मागून आणला होता. शाळेच्या मैदानावर जाऊन धावायचं, उड्या मारायच्या, मग टीव्हीच्या काचेवर बटरपेपर चिकटवून एकेक चित्र गिरवायचं, असा बेत होता. जुईची आई परगावी परीक्षेला गेलेली. पोर एकटी राहीना, म्हणून तिलाही नेलं. आणि ती पाठीवरून उतरेचना.

"मग तसाच धावलो. खेळही तसाच केला. बाप मुलीला घेऊन घरी निघालाय. तिचा फ्रॉक लाल होता, चार ठिपक्यांचा. पण कंपनीचे साहेब म्हणाले, लढाईच्या खेळात पोर कशाला? लोक हसतील. सैनिक एकटा पाहिजे, कडक पाहिजे. पुन्हा चित्रीकरण करायला वेळ नव्हता. मी एका दुपारी बसून दोनशे बारा चित्रांमध्ये तुला करडं केलं. त्यानंतर तो खेळ मी घरात आणला नाही. तुला दाखवायला लाज वाटली."

फरझानांनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. पडद्यावर बत्तीस ठिपक्यांचा माणूस धावत होता आणि त्याच्या पाठीवर करडं काहीतरी डोकावत होतं.

"ही मी?" जुईने पडद्याला बोट लावलं. "माझा त्या वयाचा एक फोटोसुद्धा नाहीये. पुराच्या पाण्यात गेले सगळे." ती परत परत बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "आणि ही बया जगभर धावतेय चाळीस वर्षं? आणि मी इथे लोकांच्या दाढा काढतेय?" ती इतक्या मोठ्याने हसली की खालून पेशंटने विचारलं, "डॉक्टर, सगळं ठीक ना?"

पुण्यात मात्र कोणी हसलं नाही. संग्रहालयाचे संचालक गिरिधर नाडगौडा यांनी ऋचाचं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"तुमचं नाव कशासाठी आहे, बनसोडे? अंगावर काटा आणणाऱ्या चित्रांसाठी. तिकिटावर, फलकांवर तोच जखमी एकांडा छापलाय. आता त्याच्या पाठीवर छोकरी बसवलीत तर ती बिस्किटाची जाहिरात होईल."

ऋचाला ते लागलं, कारण तीच भीती तिला स्वतःला होती. ती भिंतीसमोर जाऊन बसली. तिच्या एकांड्याचे ओठ मिठाने फुटले होते, बुटांच्या टाचा झिजून तिरप्या झाल्या होत्या, डोळे आत गेले होते. यातलं काय खोटं होतं? वाळवंट तेच होतं. लढाई हरलेलीच होती. फक्त या माणसाने स्वतःच्या वाटणीचं पाणी कोणाला तरी दिलेलं असणार. म्हणून ओठ फुटले. कोटाची एक बाही नव्हती, ती कुठे गेली हेही आता तिला कळलं. ती पोरीच्या डोक्याला बांधलेली होती.

"मी काही गोड करत नाही," ती नाडगौडांना म्हणाली. "एक रेघसुद्धा मऊ करत नाही. आवडलं नाही तर उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पांढरा रंग मारा. मी स्वतः मारून देईन."

सहा दिवस ती परांचीवर उभी राहून रंगवत होती. मांडीवरची जखम तिने खरवडून काढली. धूळ ठेवली, रक्त ठेवलं, ते दुसऱ्या कोणाचं तरी होतं. पाठीवर आली एक मळकट, नाक वाहणारी, केसांत वाळू अडकलेली पोर. फ्रॉक धुळीने इतका माखलेला, की लाल रंग फक्त एका घडीत दिसत होता. आदल्या दिवशी नाडगौडा आले, भिंतीपुढे उभे राहिले. मग त्यांनी रंगाच्या डब्याला हातही न लावता खिशातून रुमाल काढला.

"हे आधीच्यापेक्षा भयंकर आहे," ते म्हणाले. "आता हा मेला तर...?"

"हो ना," ऋचा म्हणाली. "राहू द्या?"

"राहू द्या."

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी दारं उघडण्याआधी कारखानीस बापलेक आले. जुईने भिंतीपुढे उभं राहून स्वतःचं वाहतं नाक पाहिलं आणि दवाखान्यातल्या मुलीला फोन लावून सांगितलं, की माझा वीस फुटी फोटो लागलाय. कारखानिसांनी काठी टेकून, मान वर करून फ्रॉकची ती लाल घडी शोधली आणि खालूनच, हवेत, तिच्यावरून हळूच हात फिरवला.

तेवढ्यात फरझाना धावतच आल्या. "थांबा, थांबा! एक राहिलं होतं. धावण्याचं गणित आपण केलं, उड्यांचं काल रात्री सुटलं." त्यांनी लॅपटॉप तिकिटांच्या मेजावर ठेवला. "एकूण अकरा उड्या आहेत. मी दोन्ही शरीरं वेगळी सोडवली, बाप वेगळा, मुलगी वेगळी. आता उडीच्या आधी काय होतं ते बघा. बापाचा गुडघा इथे वाकतो. आणि ही मुलीची डावी टाच. पाच चित्रं आधी. टाच मागे जाते आणि बापाच्या बरगडीवर बसते. झोक्याने नाही, लंबक असा जात नाही. तिने मारलीय."

"एकदा लागली असेल," कारखानीस म्हणाले.

"अकराच्या अकरा वेळा. पाच चित्रं म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. टाच बसल्यावर माणसाला ती कळून पाय वाकवायला तेवढाच वेळ लागतो. काका, एकदाही तुम्ही आपणहून उडी मारलेली नाही."

सगळे त्या बत्तीस ठिपक्यांकडे बघत राहिले. टाच, उडी. टाच, उडी.

"म्हणजे," ऋचा हळूहळू म्हणाली, "लाखो लोकांनी बटण दाबून एकांड्याला उड्या मारायला लावल्या, त्यांच्या आधी..."

"मी," जुई म्हणाली. "पहिली खेळाडू मी!"

कारखानीस मेजाच्या कडेला टेकले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. "आणि मला वाटत होतं, मी हिला खेळवतोय."

दारावर लोकांची रांग लागली होती. नाडगौडा घड्याळ दाखवत होते. ऋचाने कोपऱ्यातली शिडी ओढून आणली आणि ती भिंतीला टेकवून दातांत बारीक कुंचला धरत वर चढली. पोरीचा डावा पाय तिने नुसता लोंबता रंगवला होता. तो तिने मागे वळवला, टाच उचलली. मग एकांड्याच्या दमलेल्या डोळ्यांपाशी आली आणि त्यांत एक पांढरा ठिपका दिला. आता त्याचं लक्ष मागे पाठीकडे लागलेलं दिसत होतं. पोरीच्या पुढच्या हुकमाची वाट बघत असल्यासारखं.

"उघडा दारं," ती शिडीवरूनच म्हणाली.