फिलोमेलाचे ओठ

थुंकीनं जुनं चित्र पुसून स्वच्छ करतात, हे ठाऊक आहे का रे तुम्हाला? हसू नका. आम्ही नेपल्सचे कारागीर तसंच पुसतो. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, हलकेच फिरवायचा. नियम एकच. मळलेला कापूस पुन्हा तोंडात घालायचा नाही.

माझा मित्र एर्मेलिंदो याच धंद्यातला, मोठा बडबड्या. बायको असुंता आंधळी. दिवसभर पाहिलेलं सगळं तो तिला रात्री सांगायचा. "तुझी जीभ हेच माझे डोळे," म्हणायची ती.

गेल्या सतरा जानेवारीची गोष्ट. संत अंतोनियोच्या सणाच्या होळ्या पेटलेल्या, सगळे तिकडे जेवायला, गल्ली ओस. मी चित्राची चौकट द्यायला त्याच्या कामाच्या खोलीवर गेलो. समोर चारशे वर्षांपूर्वीचं चित्र. फिलोमेला. राजानं जिची अब्रू घेतली आणि कुठं बोलू नये म्हणून जीभ कापली, ती ग्रीक पुराणातली पोर. ओठांवर काजळीचा थर.

"उद्या कर की," मी म्हटलं.

"उद्या सकाळी चित्र पोचलं नाही तर मालकीणबाई माझं डोकं खाईल. तू जा म्हाताऱ्या, माझ्या वाटणीचं मटण खा!"

गेलो मी. पुढचं त्यानं मला कागदावर लिहून दिलंय.

"लिहून का, काका?"

ऐक.

पावणेअकरा वाजले. ओठ तेवढे राहिलेले. असुंताचा फोन आला.

"येतोस ना? आज काय पाहिलंस?"

"एक बाई. आलोच, सांगतो."

फोन तसाच चालू ठेवून त्यानं घाईघाईत काडी उचलली. कापूस काळा झालेला. तोच तोंडात घातला.

चव लागली... रक्ताची.

थुंकायला गेला. थुंकी येईना. जीभ जड... दगडासारखी.

खोलीत कुणीतरी घोट गिळला.

त्यानं नाही.

"एर्मेलि?" फोनमधून असुंता.

त्यानं हाक द्यायला तोंड उघडलं...

काही नाही.

"एर्मेलि... तुझ्याजवळ ही कोण बाई बोलतेय?"

तो धावत घरी गेला. असुंतासमोर उभा राहिला. तिनं त्याचा चेहरा चाचपला. पुन्हा पुन्हा चाचपला. "बोल ना रे," म्हणाली. "एकदा तरी बोल."

डॉक्टरांना त्याच्या जिभेत आजवर दोष सापडलेला नाही.

त्या रात्रीनंतर सकाळी चित्र पोचवायला मीच गेलो. फिलोमेलाचे ओठ ओले होते. मी बोट लावलं. बोट लाल झालं.