जीपच्या मुठीतला हात

उद्यमनगरातल्या प्रयोगशाळेसमोर जुनी जीप उभी होती. नलिनी घोरपडेने गिअरच्या दांड्यावरची काळी मूठ फिरवून काढली आणि त्याच आट्यांवर करड्या रंगाची नवी मूठ बसवली.

"ही स्पर्शस्मृती मूठ," ती म्हणाली. "आत शिकणारं रबर आहे. रस्त्यात कुठे, कोणत्या हाताने, कोणता गिअर टाकला ते लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी त्याच जागी तळव्याला तसाच दाब देतं."

कुमुद निंबाळकर मेंदूविकारांची निवृत्त डॉक्टर होती. पक्षाघाताच्या झटक्यानंतर तिच्या नवऱ्याच्या डाव्या हातात ताकद परतली होती, पण गिअर कधी बदलायचा हे त्या हाताला आठवत नव्हतं. शहरातल्या बाकी गाड्या आताशा आपल्याआपण चालत. अच्युतरावांना मात्र ही जीप स्वतःच चालवायची होती.

"म्हणजे मेंदू देत नाही ती सूचना ही मूठ देणार," कुमुद म्हणाली. "पण आत्ता आत हात कुणाचा आहे?"

"माझा. आधी कुणाचा तरी लागतोच. मीच महिनाभर ही मूठ लावून गावभर फिरले."

"आणि दुसऱ्या कुणी चालवली तर?"

"महिन्याभरात माझा हात पुसला जाईल. ती कारण विचारत नाही, जे केलं ते शिकते. अरे अच्युत, बस की. पूर्वी मला फटफटीवर मागे बसवून पन्हाळ्याचा घाट चढायचास."

त्या घाटाबद्दल कुमुद लग्नापासून ऐकत आली होती.

अच्युतराव रंकाळ्याला वळसा घालून आले. गिअर एकदाही खरखरला नाही. उतरल्यावर ते आपल्या तळव्याकडे बघत हसले. "कुणी हात धरून शिकवावं, तसं वाटतंय."

घरी आल्यावर कुमुदने फर्मान काढलं, "आता महिनाभर गाडीला हात लावायचा नाही. नसा थकतात."

"असं कुठे असतं का?"

"डॉक्टर तुम्ही की मी?"

ते दुपारी झोपले की ती जीपची किल्ली घेऊन बाहेर पडायची.

महिना सरला तेव्हा तिनेच त्यांना चाकामागे बसवलं. जीप सुरेख चालली. त्यांच्या तळव्यात आता आपला हात आहे, या समाधानात ती शेजारी बसली होती. ताराबाई पार्कात मूठ दाब देऊ लागली. तिसरा, दुसरा, मग न्यूट्रल. जीप एका झाडाखाली थांबली. समोर नलिनीचं फाटक होतं.

"इथे का थांबवतेय ही?" अच्युतरावांनी विचारलं.

नवरा घरी घोरत असताना रोज दुपारी कुमुद इथे थांबून त्या घराकडे बघत बसली होती.

फाटक उघडून नलिनी आली. नेसलेली साडी कडक इस्त्रीची होती. "आज तरी उतर रे. महिनाभर बघतेय, रोज जीप येते, काचेवर ऊन, आणि न भेटताच जातोस. या वयात कसला संकोच? चहा टाकलाय." मग तिला शेजारी बसलेली कुमुद दिसली.

अच्युतरावांनी मुठीवरचा हात उचलला. तळव्याकडे पाहिलं, मग बराच वेळ बायकोकडे.

"यायचो खरा," ते नलिनीला म्हणाले. "धीर होत नव्हता."

कुमुदने तोंड उघडलं आणि मिटलं. ते येत नव्हते असं म्हणायचं, तर कोण येत होतं तेही सांगावं लागलं असतं. ती खाली उतरली आणि त्यांच्या मागोमाग चहाला गेली.