रोज येणारा चातुर्थिक ताप

दिलेला शब्द पाळणे ही माणसाची मोठी शोभा आहे. परंतु ज्याने शब्द घेतला, त्याचेच प्राण त्या शब्दापायी संकटात येत असतील, तर काय करावे? बोर्निओ बेटाजवळ नांगरलेल्या ‘वरुणिका’ या संशोधन-नौकेवर, एका भर दुपारी, अकरा वर्षांच्या ऊर्वीपुढे हा प्रश्न उभा राहिला.

तिची आई शाल्मली बेटावरच्या रानात लांब शेपटीच्या माकडांचा अभ्यास करीत असे. आज ती तापाने फणफणून खाटेवर पडली होती. श्वास भरभर चालला होता. डोळ्यांत पिवळेपणा उतरला होता. शाल्मलीचे वडील डॉ. त्र्यंबक वझे हे हिवतापाचे (मलेरियाचे) संशोधक; ते त्याच सकाळी नौकेवर आले होते. नौकेचा यंत्रवैद्य ‘निरीक्षक’ याने रक्ताचा थेंब काचपट्टीवर (स्लाइडवर) पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता.

“निदान झाले,” निरीक्षक म्हणाला. “हिवतापाची ‘मलेरिई’ ही जात. सौम्य. गोळ्या पुरेत. उद्या बंदर येईल. इंजेक्शनचे कपाट उघडण्याचे कारण नाही.”

आजोबांनी स्वतः पाहिले आणि मान डोलावली. “ये ऊर्वी, तूही बघ.”

“गुलाबी चकत्या आहेत,” डोळा लावून ती म्हणाली. “आणि एकीत आडवा निळा पट्टा. कंबरपट्ट्यासारखा.”

“चकत्या म्हणजे तांबड्या रक्तपेशी. निळा तो परजीवी (दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावर पोसणारा जीव). त्याच्या जाती रूपावरून ओळखतात. फाल्सिपॅरम सर्वांत घातक; तिची बांगडीसारखी गोल कडी नाजूक असतात, एकाच पेशीत दोन-दोनही दिसतात, आणि पुढे तिला केळ्यासारखा आकार येतो. व्हायव्हॅक्स शिरली की पेशी फुगते, तिच्यावर बारीक ठिपके उठतात. इथे केळे नाही, फुगवटा नाही, ठिपके नाहीत. पट्टा आहे. म्हणून मलेरिई.”

“ती सौम्य का?”

“सावकाश वाढते म्हणून. परजीवी पेशीत वाढतात आणि पेशी फोडून एकदम बाहेर पडतात. तेव्हा हुडहुडी भरते. मलेरिईला यासाठी बहात्तर तास लागतात. आज ताप आला, की पुढचा चौथ्या दिवशी. आपले जुने वैद्य त्याला चातुर्थिक म्हणत. दिवसाआड येणारा तृतीयक, रोज येणारा अन्येद्युष्क. सूक्ष्मदर्शक नसतानाही तापाची चाल त्यांनी किती बारकाईने पाहिली होती! शाल्मली म्हणते, आज पहिल्यांदाच ताप आला; म्हणजे आता दोन दिवस उसंत.”

ऊर्वीने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. परवा आईने तिला बजावले होते, “आजोबांना सांगशील तर बघ! मोहीम बंद पाडतील ते.” आणि तिने शपथ घेतली होती.

तिने खाटेकडे पाहिले. आईची नजर तिच्यावरच रोखलेली होती.

“आजोबा,” ती कशीबशी म्हणाली, “आईला कालही हुडहुडी भरली होती. परवाही. याच वेळेला.”

“ऊर्वे!” आई क्षीण स्वरात म्हणाली. “चहाडखोर कुठली!”

“असू दे! आहेच मी चहाडखोर!” आणि तिला रडू कोसळले.

आजोबा यंत्राकडे वळले. “निरीक्षका, शंभर पेशींमागे परजीवी असलेल्या पेशी किती?”

“तीन.”

“हे आधी का सांगितले नाहीस?”

“जात विचारली होती. संख्या विचारली नव्हती.”

“मलेरिई बहुधा म्हाताऱ्या पेशींतच शिरते. तिची एवढी गर्दी होत नाही. आणि चातुर्थिक रोज कसा येईल?”

“मग पट्टा कुणाचा?” ऊर्वीने डोळे पुसत विचारले.

“नोलेसीचा. ही जात माकडांत राहते. रानातला डास माकडाला चावून मग माणसाला चावला, की ती माणसात येते. रूप मलेरिईचेच, पण चाल चोवीस तासांची. रोज पटीने वाढते ती, पोरी!”

“आक्षेप आहे,” निरीक्षक म्हणाला. “ताप नेहमी घड्याळ पाळत नाही. जात सिद्ध झालेली नाही.”

“मान्य. सिद्ध करील बंदरातली जनुक-तपासणी. पण रोजचा ताप, ही गर्दी, माकडांचे रान आणि हे पिवळे डोळे दिसत असताना उद्याची वाट पाहायची? पट्ट्याला तू भुललास, मीही भुललो. उघड कपाट!”

कपाटाची कडी खटकन सरकली. आजोबांनी औषध शिरेत दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारची ती वेळ आली. ऊर्वी आईचा हात धरून बसून होती. थोडी कणकण आली आणि ओसरली. सकाळी बंदर गाठून रक्त तपासणीला दिले होते; संध्याकाळी तिथून निरोप आला : नोलेसीच.

“माझी मोहीम, बाबा?” आईने डोळे उघडून पहिले हेच विचारले.

“होईल हो! आधी मच्छरदाणी, मग माकडे!”

निरीक्षक आता प्रत्येक रुग्णाला काचपट्टी रंगवण्याआधी विचारतो, “ताप कोणकोणत्या दिवशी आला?” असे विचारणारे यंत्रवैद्य उद्या रानोरानी पोहोचतील.

शाल्मलीला दीर्घ आयुष्य लाभो. ऊर्वीचे मन निर्भय राहो. आणि दूरदूरच्या बेटांवर रक्ताच्या एका थेंबावर वाकलेल्या सर्व डोळ्यांना भगवंत स्वच्छ दृष्टी देवो, आणि थोडी विश्रांतीही देवो.