बुजवलेला झरोका

दार असू द्या तसंच. गारठा वाटत असेल तर ही शाल घ्या. मी स्वयंपाकघरात होते, तुम्ही कधी आत आलात कळलंच नाही. दार मात्र उघडं टाकलंत ते बरं केलंत. बंद दाराच्या खोलीत हल्ली माझा जीव रमत नाही. का, ते सांगते. बसा.

मी आंजीला गेले होते डिंकाचे लाडू पोचवायला. एवढंच काम. माझी धाकटी बहीण आचल बाळंतीण होती. आमची आई नाही आणि मी इथे देवळीत नोकरीला, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. बसमधून उतरले तेव्हा ऊन कललं होतं आणि गावावर पऱ्हाटीचा धूर तरंगत होता. कापूस वेचून झाला की त्याची वाळकी झाडं चुलीत जातात, त्या दिवसांत गावाला तोच वास असतो.

आचलला पाहिलं आणि लाडवांचा डबा तसाच ठेवून आधी तिच्यापाशी बसले. चेहरा ओढलेला, डोकं ठणकतंय म्हणे, आणि घोटभर पाण्यानंही मळमळ. बाळ तर नुसतं झोपलेलं. इतकं शांत तान्हं मूल मी पाहिलेलं नाही, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

खोली म्हणजे डबाच होता. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, कोपऱ्यात ओव्याची धुरी, खिडकीवर ठोकलेलं गोणपाट, दाराच्या फटीत चिंध्या. भिंतीपलीकडे चूल होती. तिचं धुराडं या खोलीच्या कोपऱ्यातून वर गेलेलं, आणि त्याच्या सांध्यापासून खाली काळा ओघळ उतरलेला.

"मावशी, थोडी हवा येऊ द्या ना आत," मी म्हटलं.

आचलची सासू कोकिळाबाई माझ्याकडे बघतच राहिली. "हवा? माही थोरली सून मयुरी याच खोलीत गेली बाई. लेकरासगट. वारं लागलं होतं तिले. आता हवेचं नाव काढू नको."

वर छताजवळ एक झरोका होता, चिंध्यांचा बोळा कोंबून बंद केलेला. दिवे लागले तेव्हा मी बाळाचे कपडे घेऊन आत गेले, तर बोळा खाली जमिनीवर पडलेला. कोकिळाबाईनं तो उचलला, माझ्याकडे एक नजर टाकली आणि बांबूनं पुन्हा वर कोंबला.

मी रजा वाढवली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बोळा पुन्हा खाली.

"ताई..." आचल कुजबुजली. "दिवेलागणीले कोणीतरी बाजेपाशी येऊन उभं राह्यते. हात वर करते... मंग गार वाटते. बरं वाटते मले."

"कोण? तुझी सासू?"

"तोंड दिसत नाई व... मले उठताच येत नाई."

कुठेतरी पाणी मुरत होतं. एव्हाना मलाही वाऱ्याची धास्ती बसली होती. एक सून या खोलीत गेली, आता दुसरीची पाळी की काय? बोळा काढणारी आणि वाऱ्याच्या नावानं गळा काढणारी एकच बाई असेल तर? मी कोकिळाबाईवर डोळा ठेवला. ती माझ्यावर ठेवूनच होती.

तिसऱ्या दिवशी परसात भांडण जुंपलं. "छाया, तूच काढून राह्यली बोळा!" ती कडाडली. "काऊन व? बहिणीच्या जिवावर उठली काय?"

"मी? तुम्ही काढता मावशी! मला सगळं दिसतं."

आचलचा नवरा मुकेश मध्ये पडला. "कोणीच काढत नसन, तर लिंपून टाका ना एकदाचं," असं म्हणून तो शेतात निघून गेला. आम्हा दोघींचं तेवढ्यावर मात्र एकमत झालं. तिनं चिखल-शेण कालवलं, मी स्टुलावर चढून झरोका लिंपला. चार बोटं जाडीचा थर दिला. मग आचल झोपली म्हणून दार ओढून घेतलं आणि आम्ही अंगणात समोरासमोर बसलो. ती तूर निवडत होती, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. दोघींनीही जागा सोडली नाही.

अंधारून आलं. आणि आतून आवाज आला. खर्र... खर्र... नखांनी भिंत खरवडल्यासारखा.

कोकिळाबाई माझ्यासमोर होती. मी तिच्यासमोर होते.

"उंदीर असन..." ती म्हणाली, पण हातातलं सूप तिनं खाली ठेवलं.

पुन्हा आवाज आला, घाईघाईनं. मग काहीतरी धपकन पडलं. मी धावले, दार ढकललं. आत धूर म्हणावा इतका नव्हता, नुसती गच्च ऊब. आचलला गदागदा हलवलं तरी ती डोळे उघडेना. बाळाची मान लोंबत होती. माझी मलाच किंकाळी ऐकू आली. बाळाला कोकिळाबाईच्या ओटीत टाकलं आणि बहिणीला काखेत धरून फरफटत अंगणात आणलं. बाळ केव्हा रडतंय याची आम्ही वाट पाहत राहिलो, आणि ते रडलं.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या निखाऱ्यांचा विषारी वायू, त्याला वास नसतो. त्यात धुराड्याची गळती. कुठूनतरी थोडी हवा येत होती म्हणून दोघं वाचली.

बाकावर कोकिळाबाई स्वतःच्या हातांकडे बघत बसली होती. "मयुरी म्हणत होती, छाया... 'आई, झरोका उघडा, जीव घाबरते.' वारं नव्हतं लागलं तिले. म्याच कोंबला होता बोळा... या हातानं." तिच्यावर संशय घेतल्याची मला लाज वाटली. मी तिचा हात धरला.

कपडे आणायला परत गेले तेव्हा झरोका पाहिला. माझं लिंपण आतून पोखरलेलं होतं. ओल्या चिखलात बोटांच्या खुणा होत्या, बारीक, बाईच्या. स्टूल तर मी अंगणात आणलं होतं, आणि बाजेवर उभं राहूनही आचलचा हात तिथे पोचत नाही.

दोघांना मी इथे आणलं. इथे चूल नाही, शेगडी नाही, खाली फरशी आहे. आत निजलीत दोघं. आज गारठा म्हणून त्यांची खिडकी लावली, पुढचं दारही लावून घेतलं, आणि मग तुम्ही...

काय म्हणालात? तुम्ही नाही उघडलं? आलात तेव्हा सताड उघडंच होतं?

कडी तर मी स्वतः लावली होती. थांबा, दिवा इकडे धरा. ही बघा कडी... ओली माती आहे.

उठा. हवा कोंडल्याशिवाय मयुरी दार उघडत नाही. आचलला हाक मारा, जोरात मारा. मी बाळाला उचलून बाहेर आणते.